उताऱ्यावरचे प्रश्न

हौशीराम जमादारानं इंग्रजीची परीक्षा दिली, ती काही त्याला साहेब व्हायचं होतं म्हणून नाही. उजवा हात मनगटापासून गेला म्हणून. हात गेलेला माणूस लोणावळ्याच्या यार्डात डबे जोडायचं शंटिंग काय करणार, कपाळ? रेल्वे कंपनीनं त्याला फाटकावर बसवलं आणि चार महिन्यांनी कळवलं, की नंबरटेकरची एक जागा आहे. डब्यांचे नंबर आणि मुक्काम वहीत इंग्रजीत टिपायचे. त्यासाठी परीक्षा, शब्दांचे अर्थ, व्याकरण आणि एक उतारा वाचून त्यावरची उत्तरं. पास झालास तर राहा, नाही तर त्या महिनाअखेर चाळीतली खोली खाली कर. म्हणजे बघा आता! मराठी तिसरी शिकलेला गडी, पस्तिशी उलटलेली, त्यानं डाव्या हातानं एबीसीडी गिरवायची.

तरी तो गिरवायला बसला, कारण खोलीत तो एकटा नव्हता. बायको रतनबाई होती, आणि थोरली बहीण अंबूबाई होती. अंबूबाईचा नवरा गेणू, शेजारच्या वलवण गावचा, यार्डात सांधेवाला होता आणि हौशीरामच्या हाताखालीच काम करायचा. ज्या धक्क्यात हौशीरामचा हात गेला त्याच धक्क्यात गेणू गेला. दोन डब्यांच्या मधे शिरून तो साखळी अडकवत होता. हौशीराम लाल झेंडी धरून शेजारी उभा होता. ड्रायव्हरनं शिट्टी न देता इंजिन मागं घेतलं, आणि गेणूला ओढायला घातलेला हौशीरामचा हातही सापडला. बस, एवढंच घडलं.

पण चौकशी झाली आणि आठ दिवसांत निकाल लागला, की मयत दारू प्यायला होता. कोण, गेणू? अहो, तो माळकरी माणूस. शिमग्याला अख्खी चाळ झिंगायची तेव्हा हा बिचारा तळ्याकाठी जाऊन बसायचा. कंपनीनं हात वर केले ते केले, पण वलवणात जो तो म्हणू लागला, बघा, गळ्यात माळ आणि पोटात बाटली. अंबूबाईला नवऱ्याच्या मरणापेक्षा हे जास्त लागलं. पाणवठ्यावर बायका तिला पाहून बोलायच्या थांबत. मग ती गाव सोडून भावाकडे येऊन राहिली.

"हौशा," ती म्हणायची, "मानूस ग्येला, त्येला विलाज न्हाई. पर नाव कशापायी न्यायचं त्येचं?"

यावर हौशीरामचं उत्तर ठरलेलं असे. "आक्का, माजी जबानी हाय न्हवं फायलीत! मी हास्पिटलात समदं सांगितलंय. गेणूदाजी शुद्धीत व्हता, झेंडी लाल व्हती, डायवरानं शिट्टी दिली न्हाई. ती जबानी कुनी वाचलीच नसंल. मला विंग्रजी येऊ दे, मी सोता वाचून दावतो साह्यबाला."

जबानी झाली होती हे खरं. अपघाताच्या चौथ्या दिवशी हौशीराम तापात फणफणत असताना हेडक्लार्क खाटेशी आला, त्यानं मराठीत ऐकलं, इंग्रजीत लिहिलं, आणि सहीचा हात उरला नव्हता म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. त्या कागदावर दोघं भावंडं वर्षभर जगत होती. अंबूबाईनं तर भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं, माझ्या भावाची जबानी आहे, ती बाहेर निघू दे, मग बोला.

शिकवायला माधवराव मास्तर मिळाले. तळेगावच्या शाळेतून निवृत्त होऊन हवेसाठी लोणावळ्यात राहिलेले. माणूस भला, एका पैचीही अपेक्षा ठेवली नाही. ऊठसूट चिडायचे, पण सकाळची फाटकावरची पाळी संपवून हौशीराम आला, की स्वतः उठून त्याच्यापुढं पाटी सरकवायचे. जबानीचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बजावलं होतं, "आधी नोकरी पक्की कर. एकदा पाय रोवलास की मग मी अर्ज लिहितो. आत्ता साहेबाला दुखवलंस तर तेलही जाईल आणि तूपही."

परीक्षेचीही एक गंमत होती. कर्जतपासून तळेगावपर्यंतचे सगळे उमेदवार कंपनीचं वाचनपुस्तक पोथीसारखं पाठ करत. पारायणंच चालायची म्हणा ना. अर्थ कळो न कळो, धडा मुखोद्गत हवा. रखमाजी फायरमननं तर मागच्या खेपेला पुस्तक उलटं धरून सबंध धडा घडाघडा वाचून दाखवला, आणि साहेबानं कपाळाला हात लावला. तेव्हापासून या साहेबानं पुस्तकच बंद केलं. तो दप्तरातला एखादा जुना कागद काढायचा आणि म्हणायचा, वाच हा, आणि दे उत्तरं. आता काय पाठ करून येणार?

म्हणून मास्तरांनी हौशीरामला पाठांतर करू दिलं नाही. वाचायला शिकवलं, समजून वाचायला. आणि उताऱ्याचा एक नियम त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला.

"उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही. उताऱ्यात कोल्हा शहाणा म्हटलाय ना? मग कोल्हा शहाणा."

"पर मास्तर, कोल्ह्यानं माज्या दोन कोंबड्या न्हेल्यात."

"न्हेल्या असतील! परीक्षेत तुझ्या कोंबड्या कोण विचारतोय? कोल्हा शहाणाच."

हौशीराम हसला होता. सात महिन्यांत त्याला इंग्रजी आलं. अगदी अस्खलित नव्हे, पण आलं. डाव्या हाताचं अक्षर तर असं वळणदार झालं की मास्तर ते आपल्या पुतण्यांना दाखवत.

परीक्षा मार्गशीर्षात झाली, साहेबाच्या हापिसात. उमेदवार दोघंच होते आणि दुसरा शब्दांच्या अर्थांतच आडवा झाला. हौशीरामनं शब्द सोडवले, व्याकरण सोडवलं. साहेब खूष दिसला. माणूस म्हणून तो वाईट नव्हता, उगीच कशाला खोटं बोला. त्यानं हेडक्लार्कला खूण केली. हेडक्लार्कनं एक फाईल आणली आणि दोरा सैल करून एक कागद काढला. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये तुम्हारा खुद का फाईल है, जमादार. हम सबको उसका खुद का कागज देता है. अपना कागज आदमी ध्यान से पढ़ता है."

हौशीरामनं कागद पाहिला. खाली त्याचा अंगठा होता.

त्याला बाकावरून उठून ओरडावंसं वाटलं. जबानी! वर्षभर जिच्यासाठी जीव टाकला ती आपल्या पायांनी चालत आली होती. आक्काला आज संध्याकाळी शब्दन् शब्द सांगायचा, असं ठरवून त्यानं वाचायला घेतलं. त्याला वाचताही आलं. एकही शब्द अडला नाही, हीच तर रड आहे.

कागदात लिहिलं होतं: मी, शंटिंग जमादार हौशीराम, राजीखुशीनं सांगतो, की मयत सांधेवाला गेणू त्या दिवशी सकाळपासून दारूच्या अमलाखाली होता. डब्यांच्या मधे शिरू नकोस असं मी त्याला दोनदा बजावलं. त्यानं ऐकलं नाही. त्याला ओढून काढताना माझा हात सापडला. ड्रायव्हरची यात काही चूक नाही.

त्यानं पुन्हा वाचलं. वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं आहे, कुठंतरी 'नाही' सुटलं असेल. नव्हतं सुटलं. त्यानं वर पाहिलं तेव्हा हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत होता.

"साह्यब," हौशीराम उभा राहिला, "ह्यो कागद..."

"बैठो, बैठो. इम्तिहान में बात नहीं करने का."

तो बसला. समोर चार प्रश्न होते. मयताची स्थिती कशी होती? जमादारानं त्याला काय सांगितलं? अपघात कोणाच्या चुकीनं झाला? सगळी हकिगत स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे खोटं आहे असं लिहिलं तर उत्तर चुकलं, परीक्षा गेली, खोली गेली, आणि दोन बायका रस्त्यावर. हापिसाबाहेर काढलेल्या थोट्या माणसाचा अर्ज मग कोण वाचणार? त्यापेक्षा आत्ता पास व्हावं. पाय रोवावा. मग मास्तर आहेत, अर्ज आहे. आणि मी थोडाच हे सांगतोय? उताऱ्यात आहे ते लिहितोय. कोल्ह्याला शहाणा म्हणायचं, एवढंच तर आहे! असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि माणूस स्वतःला समजावायला बसला की काय हो, समजतंच त्याला.

त्यानं लिहिलं. पूर्ण वाक्यांत लिहिलं, मास्तरांनी शिकवलं तसं. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, चौथ्या उत्तरात त्याला एक नेमका शब्द चटकन आठवला आणि क्षणभर त्याला बरं वाटलं.

साहेबानं वाचलं, मान डोलावली, दहात नऊ गुण दिले. एक तारखेला हजर हो म्हणाला. "दस्तखत करो, पूरा नाम." हौशीरामनं डाव्या हातानं वळणदार सही केली. हेडक्लार्क इतका वेळ खिडकीशी उभा होता, तो लगबगीनं पुढं आला. त्यानं उत्तरांच्या कागदाला टोच्यानं भोक पाडलं, तो जबानीच्या मागं ओवला आणि दोरा आवळला. त्या वेळी हौशीरामला त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षेचा कागद कुठंतरी लावणारच की!

तिथून तो थेट मास्तरांकडे गेला. मास्तरांनी आधी पाठ थोपटली, मग सगळं ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"उत्तरांचा कागद कुठं आहे?"

"फायलीत लावला."

"कुणाच्या?"

"माज्याच. जबानीच्या मागं."

मास्तरांनी पुढ्यातली पाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "हौशीराम, जबानीत काय खरडलंय याची मला धास्ती होतीच. पण तो इंग्रजी न येणाऱ्या माणसाचा अंगठा होता. मी लिहिलं असतं, की याला वाचता येत नव्हतं, तापात फसवून घेतलं. कुठलाही न्यायी माणूस विचारात पडला असता. आता तो काय करील? पान उलटील. मागं तुझंच इंग्रजी, तुझ्या शब्दांत, तुझ्या सहीनं."

"मास्तर, तुमीच म्हनला व्हता, पदरचं घालायचं न्हाई."

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं. "माझीच अक्कल."

"अर्ज तरी लिवून बगू."

"लिहू. तू म्हणशील तर लिहू. पण तुला खोटी आशा दाखवत नाही."

हौशीराम चाळीत आला तेव्हा ऊन अजून होतं. पास झाल्याची बातमी त्याच्या आधी पोचली होती. रतनबाई शेजारी गूळ वाटायला गेली होती. अंबूबाई दारातच उभी होती, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुललेला होता. तिनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला.

"झालास पास! आता ती जबानी वाचशील न्हवं?"

"वाचली, आक्का. आजच वाचली. त्योच उतारा व्हता."

"या बया! मंग सांग की. काय लिवलंय?"

टाळता आलं असतं. उद्या सांगतो म्हणता आलं असतं. पण आक्काशी तो जन्मात खोटं बोलला नव्हता. त्यानं सगळं मराठीत सांगितलं, सावकाश, उतारा समजावून सांगावा तसं. गुळाचा खडा तोंडातच विरघळत होता आणि त्याला तो थुंकताही येईना. अंबूबाई ऐकत खाली बसली.

"ह्ये क्लार्कानं लिवलं," ती म्हणाली. "तुज्या अंगठ्याखाली त्यानं घातलं. तुजा काय दोष न्हाई. तू आज साह्यबाला सांगितलंस न्हवं, ह्ये खोटं हाय म्हनून?"

हौशीराम उंबऱ्यावर टेकला.

"इच्यारलं नसंल त्येनं?"

"इच्यारलं. कुनाची चूक, म्हनून इच्यारलं."

"मंग?"

"कागदात व्हतं त्येच लिवलं. तसंच लिवायचं आसतं, आक्का. न्हाई तर नापास करत्यात."

"तुज्या हातानं?"

"व्हय."

"आन् खाली अंगठा?"

"न्हाई. सही."

अंबूबाई रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, त्याही तिनं दिल्या नाहीत. ती फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"निस्ता आंगठा आसता तर मी समद्या वलवनला सांगितलं आसतं, माज्या भावाला कळत नव्हतं, त्येच्याकडनं लबाडीनं लिवून घेतलं. आता काय सांगू रं हौशा? भाऊ शिकला म्हनून सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपली दोन लुगडी फडक्यात बांधली आणि ती वलवणला निघून गेली, त्याच बायकांच्या पाणवठ्यावर. हौशीराम तिला थांबवायला दारापर्यंत आला आणि स्वतःच तिथं थांबला. एक तारखेला तो कामावर हजर झाला.