वास गेला

गल्लीची अट एकच होती: वास यायला नको. जकार्तातल्या या चिंचोळ्या गल्लीत दीडशे घरं. त्यांचं मैलापाणी शुद्ध करणारी टाकी इंजिनिअर वेनिंगनं गल्लीच्या पोटातच बसवली, कारण वर सुई टोचायला जागा नव्हती. नकाशात टाकीला दोन तोंडं होती, एकातून हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. दुसरं नेमकं बॅडमिंटनच्या कोर्टात येत होतं. गल्लीप्रमुख पाक जुमहारी तिला आदरानं 'बू' म्हणत; अजिजीनं म्हणाले, "बू, पोरांना तेवढंच अंगण आहे हो." वेनिंगनं ते तोंड खोडलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

आज रविवारी वेनिंग टाकी आतून तपासायला आली. पाणी कालच उपसून ठेवायला सांगितलं होतं. झाकण उघडं होतं आणि भोवती अख्खी गल्ली चहा, तळलेली केळी घेऊन जमली होती.

"या बू, या!" पाक जुमहारी फुलून गेले होते. "पाहुण्यांना घाण दाखवायची का? श्रमदान लावलं. आपला तारजो खाली गाळ खरवडतोय."

"आत? माणूस उतरवलात?"

"बायकोनं कमरेला दोर बांधून सोडलाय. बकरीच जणू!" सगळे हसले. दोराचं टोक धरून बसलेली युयुन लाजली. पाक जुमहारी पुढं म्हणाले, "आधी वासानं बेजार होता, बू. आत्ताच ओरडला, वास पार गेला म्हणून. टाकी असावी तर अशी!"

वेनिंग टाकीकडे धावली. गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो, आणि तो वाढला की आधी नाक बधिर करतो. वास गेला नव्हता, तारजोचं नाक गेलं होतं. आता पाळी श्वासाची.

"तारजो!" ती वाकून ओरडली. खालून हूं की चूं नाही.

तारजोचा भाऊ शिडीवर पाय टाकत होता. तिनं कॉलर धरून त्याला मागं खेचलं. "उतरलास तर दोन मढी निघतील! दोर ओढा, दोर!"

दोर जड लागत होता. मध्येच अडकला, पुन्हा सुटला. युयुन नवऱ्याला हाका मारत होती आणि वेनिंगला तिच्याकडे बघवत नव्हतं. ते दुसरं तोंड आपल्याच हातानं खोडलं होतं.

तारजो वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याला मोकळ्या हवेत आडवं केलं, छाती चोळली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो खोकला, ओकला आणि नाक मुरडून पुटपुटला, "शी... केवढा घाण वास!"

युयुननं हंबरडा फोडला. भाऊ त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे धावला.

पाक जुमहारी पांढरेफटक पडले होते. "बू, हे झाकणच सिमेंटनं कायमचं बुजवतो. वास नको आणि ही भीतीही नको."

बुजवलं तर वायू आतच कोंडून साठत जाणार होता. विटेचा तुकडा उचलून ती कोर्टात गेली आणि बरोबर मधोमध दुसऱ्या तोंडाचा चौकोन आखला. या वेळी तिनं कोणाचीच भीड धरली नाही.