इस्त्रीवालीची गोष्ट

मला हॉटेलात सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. आमचं हॉटेल म्हणजे एका जमीनदाराचं दोनशे वर्षांपूर्वीचं घर. भोवती बागा, मागे तळं, आत छत्तीस खोल्या. पाहुण्यांना घर फिरवून दाखवायचं आणि त्याच्या गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. सकाळी अकराला एक फेरी आणि दुपारी चारला दुसरी. आता खरं सांगायचं तर या घराला गोष्टीच नाहीत. त्या घराण्यात कुणी कुणाचा खून केला नाही की कुणी कुणाचा हात धरून पळून गेलं नाही. खाऊनपिऊन सुखी माणसं, त्यांचं सांगणार काय? लोक जांभया द्यायला लागत. मग मी तिखटमीठ लावायला शिकले.

इस्त्रीवालीची गोष्ट अशीच जन्माला आली. माळ्यावरच्या पेटीत नोकरांची एक जुनी वही सापडली होती. मालकांनी नावं लिहायची तसदी घेतली नव्हती. ‘स्वयंपाकी’, ‘गाडीवान’, ‘इस्त्रीवाली’ असं नुसतं काम, लागल्याचं आणि गेल्याचं वर्ष आणि पुढे शेरा. इस्त्रीवालीच्या पुढे लिहिलं होतं, ‘वसंतात काढून टाकली’. बास. या तीन शब्दांवर मी अख्खा इमला उभा केला. वसंतातली मोठी मेजवानी, चांदीचे चमचे एकेक करून गायब, सगळ्या नोकरांची झडती, आणि शेवटी इस्त्रीच्या खोलीत टेबलावरच्या चादरीची घडी उलगडली, तर आतून खळखळ चमचे पडले. ‘बाईचा हात असा बसलेला, की कपड्याबरोबर चमच्याचीही घडी घातली.’ या वाक्याला लोक हसायचेच. सहा वर्षांत ते एकदाही वाया गेलं नाही.

मॅनेजरला तर गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी वसंतोत्सवात मुलांसाठी ‘चमचा शोध’ सुरू केला. फुलांच्या ताटव्यांत चाळीस चमचे पुरायचे, ज्याला सापडेल त्यानं ‘चोर सापडला’ म्हणून ओरडायचं. तसेच चमचे, वर ‘चोर सापडला’ कोरून, दुकानात विकायलाही ठेवले. मी तेव्हा हवेत होते. लोकांची गोष्ट पुस्तकात येते, माझी चमच्यावर आली होती.

यंदा वसंताच्या सुट्टीत हॉटेल खच्चून भरलं होतं. हिरवळीवर पांढऱ्या टेबलांच्या रांगा, व्हरांड्याच्या खांबांना फुलांच्या माळा, स्वागतकक्षात पाय ठेवायला जागा नाही. सकाळच्या फेरीला तीसेक माणसं जमली. त्यांत सगळ्यात पुढे एक आजी होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. कडक इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले, एका हाताला आठ-नऊ वर्षांची नात. मागे त्यांची लेक आणि जावई. लेक मला म्हणाली, आईनं पंचाहत्तरीला काही म्हणजे काही मागितलं नाही, फक्त इथे चार दिवस राहायचं म्हणाली, आम्हाला कळेना हिला हे कुठून सुचलं. आजी नुसत्या गालात हसत होत्या. काहीतरी गुपित बाळगून असलेलं माणूस हसतं तसं.

निघण्याआधी त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, इस्त्रीची खोली दाखवता ना? मी म्हटलं, “आजी, खरी मजा तर तिथंच आहे.”

मी हे बोलले. याच तोंडानं.

इस्त्रीच्या खोलीत मी त्या दिवशी भलतीच रंगात आले होते. झडती घेणाऱ्या कारभाऱ्याची नक्कल केली, इस्त्रीवालीची तंतरलेली चालही करून दाखवली. घडीच्या वाक्याला छत उडेल असा हशा झाला. सगळ्यांत जास्त हसली ती आजींची नात, पोट धरधरून. आजी कुठे बघत होत्या, ते मी पाहिलं नाही. हशा पिकला की मी माणसं बघत नाही, ही माझी जुनी खोड.

बारा वाजता बागेत चमचा शोध झाला. त्या नातीला दुसऱ्याच ताटव्यात चमचा सापडला. ती मातीच्या हातांनी धावत आजीकडे गेली आणि ‘चोर सापडला’ म्हणून तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मी लांबून टाळ्या वाजवल्या.

दुपारी मी माझ्या खोलीत, म्हणजे जिन्याखालच्या खुराड्यात, डबा उघडून बसले होते. दारावर टकटक झाली. आजी एकट्याच होत्या. मी खुर्ची दिली, त्या टेकल्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग एकेक करत सांगायला लागल्या. त्यांची आई या घरात इस्त्रीला होती. अठराव्या वर्षी आली, सहा वर्षं राहिली, आणि गेली ते साल माझ्या गोष्टीतलंच. इथे इस्त्रीला तेव्हा ती एकटीच. घरी लहानपणी रोज रात्री मुलांना या घराचं वर्णन असायचं, तळ्याचं, फुलांचं, खिडकीतून इस्त्रीच्या टेबलावर पडणाऱ्या उन्हाचं. ते सगळं एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्या आल्या होत्या. लेकीला, नातीला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी हिरवळीवर चहा घेताना सांगणार होत्या, की माझी आई इथे होती म्हणून.

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

“आई इथलं सगळं सांगायची,” त्या म्हणाल्या, “पण इथून का गेली ते कधी नाही सांगितलं. विचारलं की उठून कामाला लागायची. आम्हाला वाटायचं, मनाला लागलं असेल काहीतरी. आज उलगडा झाला.”

“आजी, थांबा,” मी म्हटलं. “ती गोष्ट खोटी आहे. मी रचलेली आहे. चमचे नाहीत, झडती नाही, काही नाही. लोकांनी हसावं म्हणून मी ती बनवली.”

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला त्यापेक्षा थोबाडीत चालली असती.

“चांगल्या घरच्या आहात,” त्या म्हणाल्या. “समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. कळतं मला.”

मी शपथा घेतल्या. त्या मान हलवत राहिल्या. तेव्हा मी कपाटातून वहीच काढली आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, बघा, चोरी हा शब्द तरी आहे का कुठे? त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं, ‘वसंतात काढून टाकली’. ते बोट त्या ओळीवरून हलेना. मी घाईघाईनं बाकीच्या ओळी दाखवल्या. त्या वसंतात अकरा जणांना काढलं होतं. स्वयंपाकी, गाडीवान, दोन माळी, सगळ्यांपुढे हाच शेरा. मालकांनी खर्च कमी केला असेल, घर बंद करून कुठे गेले असतील. मला वाटलं, आता तरी पटेल.

“अकरा जण,” त्या म्हणाल्या. “आणि गोष्ट राहिली ती माझ्या आईचीच. आग असल्याशिवाय धूर निघत नाही हो.”

अकरा जणांतून मी हिलाच का उचललं, ते मला पक्कं ठाऊक होतं. गाडीवान चमचे लपवणार कुठे? घडीचा विनोद इस्त्रीवालीवरच बसत होता, म्हणून ती. हेही मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते फुटकळ वाटलं. एका विनोदासाठी कुणी मेलेल्या बाईला चोर ठरवेल, हे त्यांच्या सरळ मनाला पटण्यासारखंच नव्हतं. बाई चोर होती, हे त्याहून सहज पटत होतं. आणि खरं काय घडलं होतं, ते मला कुठे माहीत होतं? सहा वर्षांत मी ते एकदाही शोधलं नव्हतं.

उठताना त्यांनी माझा हात धरला. “एक करा माझ्यासाठी. माझ्या माणसांपुढे यातलं काही बोलू नका. पोर लहान आहे, तिच्या डोक्यात नको राहायला. मला शब्द द्या.”

मी शब्द दिला. नाही कसं म्हणणार?

त्या गेल्यावर मी तडक मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, चमच्याची गोष्ट बंद करा, शोधही बंद करा. ते म्हणाले, सुट्ट्यांच्या ऐन गर्दीत तुमच्या डोक्यात हे काय शिरलं? त्या बाईचं आज आहे कोण, कुणाला दुखणार आहे? उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि जीभ मी नुकतीच गहाण टाकून आले होते. चारची फेरी मी डोकं दुखतं म्हणून टाळली. दुसरं कुणी गेलं असेल. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

संध्याकाळी हिरवळीवर चहा झाला. मी व्हरांड्यातून बघत होते. आजी नातीच्या ताटलीत केक वाढत होत्या. जन्मभर जपलेली गोष्ट त्यांनी चहाबरोबर गिळून टाकली.

सकाळी बॅगा स्वागतकक्षात आल्या होत्या, दोन दिवस आधीच. लेक वैतागली होती. हौस हिचीच, आणि आता म्हणते गुडघे धरलेत, घरी जाऊ. नात मुसमुसत होती. आजी कोचावर ताठ बसल्या होत्या, कपड्यांना एक सुरकुती नाही.

मी मनाशी ठरवून आले होते. शब्द गेला खड्ड्यात, सगळ्यांसमोर सांगायचं, की या घरात चोर एकच आहे आणि ती मी आहे. मी पुढे झाले. म्हटलं, “कालच्या त्या गोष्टीबद्दल मला जरा…”

लेकीनं, जावयानं, नातीनं, तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. आणि आजींनीही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती, की बघवेना. मी सांगायला जाणार, तर आधी हेच सांगावं लागणार होतं, की ती इस्त्रीवाली म्हणजे आजींची आई. पुढचं कोण ऐकणार, आणि ऐकलं तरी कोण मानणार? ज्या बाईला मानायचं होतं, तिनंच मानलं नव्हतं.

“काय म्हणत होतात?” लेकीनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “प्रवासात आजींचे गुडघे जरा शेकत राहा.”

ज्या तोंडानं तीस माणसांना पोट धरून हसवलं, त्या तोंडाला एवढंच जमलं. मी त्यांची पिशवी उचलून गाडीपर्यंत गेले. लेक मागे सामान लावून घेत होती. आजी गाडीत बसल्या, आणि दार लावायच्या आधी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“शब्द पाळलात,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचे उपकार मी विसरणार नाही.”