जांभळी मंडळी

उपासना मंदिराच्या दाराशी एक मोठा लाकडी हौद आहे. हल्ली त्यात छत्र्या ठेवतात.

गल्लीतल्या पोरांची जुनी आरोळी: "जांभळे आले, जांभळे!"

गरम पाण्यात लाकूड मुरलेला रंग सोडतं.

आमच्याकडे बाप्तिस्म्याचा झगा पांढरा नसतो.

तर, पणजोबा रंगारी होते. त्यांच्या कारखान्यात, वाळत घातलेल्या सुताखाली, दर रविवारी थोडी माणसं जमायची. बाकं नव्हती. गठ्ठ्यांवर बसायचं. प्रार्थनेत वरून मानेवर थेंब पडला की "आमेन" जरा लवकर व्हायचं. पाळक लांबून, वर्षातून एकदा यायचे. त्या वर्षी ते आले ते स्पष्टच बोलले, "इथे अजून एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. या खेपेलाही कोणी पुढे आलं नाही, तर मी दुसरं गाव बघतो."

काही जण नदीत बुडून बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले, आणि नेमकी तेव्हाच नगरपालिकेने नदी बंद केली. म्हणजे नदी वाहत होती. आम्हाला बंद.

पणजी म्हणाली, "आपला मोठा हौद आहे की."

"त्यात मी कापड बुडवतो."

"मग एक दिवस माणसं बुडवू द्या."

राख लावून हौद घासला. भरला तेव्हा तळ दिसत होता. पण बाप्तिस्म्याच्या सकाळी थंडी कडाक्याची. पणजीच्या सासूबाईही पांढरा झगा घालून रांगेत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. पणजोबांचा जीव आईत अडकलेला. त्यांनी उकळत्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. जन्मभर गिऱ्हाइकांना "गरम पाण्यात घालू नका" म्हणून बजावणारा माणूस! कारखान्यात उजेड बेताचा. पाणी गडद होतंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पणजी पहिली उतरली. पाळकांनी तिला पूर्ण बुडवलं. वर काढलं.

जांभळी.

केसांपासून झग्यापर्यंत.

दाराशी गाव बघायला जमलं होतंच. "अरे, पिळून वाळत घाला तिला!" हशा. पाळक आपले हात बघत राहिले, तेही कोपरापर्यंत जांभळे. पणजोबा भिंतीकडे तोंड करून उभे. रांगेतला बेकरीवाला हळूच मागे सरकला, त्याच्यामागे आणखी एक जण.

रांग मोडली असती.

पणजीने डोळे पुसले. हौदात उभी राहूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, धुतल्यावर निघेल का हा?"

"माझा रंग आहे," पणजोबा भिंतीलाच म्हणाले. "निघत नाही."

"बरं झालं. म्हणजे बाप्तिस्मा झाला का, हे बाजारात कोणी विचारायलाच नको. सासूबाई, या. पाणी छान कोमट आहे."

सासूबाईंनी पदर खोचावा तसा झगा आवरला. "सून जांभळी आणि मी कोरी? शोभतं का!"

मग एकामागून एक सगळे. बेकरीवाला शेवटचा. "पाळकसाहेब, तोंड तेवढं सोडा हो, मला पाव विकायचेत."

"अर्धा बाप्तिस्मा नसतो," पाळक म्हणाले आणि त्याला जरा जास्तच वेळ खाली धरलं.

नंतर पाळक हळूच म्हणाले, मागच्या दाराने गेलेलं बरं.

"पुढचं दार कशाला केलंय मग?" पणजी म्हणाली.

ओल्या कपड्यांनी, भर बाजारातून, गात गेले सगळे. हसणारे बेकरीच्या दुकानापर्यंत हसत आले, पुढे कंटाळले. गाणं चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी बेकरीत ही गर्दी. लोक माणूस बघायला आले आणि पाव घेऊन गेले.

पाळकांनी दुसरं गाव बघितलं नाही. पुढे विटांचं मंदिर झालं. कोणीतरी पांढरेशुभ्र झगे भेट द्यायला निघालं होतं. मंडळीने आभार मानले, झगे घेतले आणि पणजोबांकडे रंगवायला दिले.

पणजी लहानपणी विहिरीत पडली होती, आणि तेव्हापासून ती डोक्यावरून तांब्याभर पाणी घ्यायलाही घाबरायची.