तक्त्यावरचे चार तास

गवताळ मैदानातलं त्रिनिदाद ते डोंगरावरचं ला पास, हवेतून चारशे किलोमीटर. मांस वाहणाऱ्या जुन्या विमानाला पावणेदोन तास पुरतात. रोहेर सहवैमानिक पोराला घेऊन सकाळी सहाला उडाला होता. आता सव्वाआठ झाले होते आणि ला पासहून रेडिओवर तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, अजून पोहोचला नाही.

त्याची बायको नेल्वा खाटीकखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होती. विमानात मांस किती, पेट्रोल किती, हे तक्त्यावर तीच लिहायची. आज तिने लिहिलं होतं, पेट्रोल चार तासांचं.

"नेल्वाबाई, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका," धावपट्टीचे प्रमुख ओस्वाल्दोसाहेब चीजचा पाव चावत म्हणाले. "दहापर्यंत पेट्रोल आहे त्याच्याकडे. नाहीतर कुठल्यातरी कुरणात उतरून गुराख्यांना थापा मारत बसला असेल. दहा वाजले की शोधू."

नेल्वाने खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. दहापर्यंत डोंगराचा पायथा पावसाने झाकला जायचा, मग शोधणार काय कपाळ! आणि पेट्रोल चार तासांचं नव्हतंच. ला पासला बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बैलाच्या मांसाच्या सहा तंगड्या जास्तीच्या पाठवायच्याच, असा हट्ट नेल्वाने धरला होता. वजन वाढलं म्हणून रोहेरने पेट्रोल कमी भरलं.

"अडीच तासांचं पुष्कळ झालं," तो पहाटे हसत म्हणाला होता. "तू आपलं चारच लिही. कळलं तर परवाना जाईल, आणि घरी बसलेला मी तुलाच सोसावा लागेन."

बावीस वर्षं उडत होता तो. ती बोलली आणि तो शीळ घालत दारात आला तर? आणि गप्प राहिली तर? घड्याळाचा काटा साडेआठकडे सरकत होता.

"साहेब, ते चार खोटं आहे," ती एकदम म्हणाली. "अडीचच तासांचं होतं. मीच लिहिलं खोटं."

ओस्वाल्दोसाहेबांचा घास तोंडातच राहिला. "बाई, काय केलंत हे!"

रोहेरचा दोस्त एर्लान तोवर आपल्या छोट्या विमानाकडे धावतही सुटला होता.

पुढचा सव्वा तास नेल्वाने रेडिओपुढे उभ्यानेच काढला. कुणी खुर्ची दिली, ती बसली नाही. पश्चिमेकडे आभाळ काळवंडत होतं.

"वहिनी," रेडिओ खरखरला. "नदीकाठी गिधाडं घिरट्या घालताहेत."

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"मांसावर आहेत, वहिनी! वजन कमी करायला त्याने तंगड्या बाहेर फेकल्यात, मैलभर पडल्यात. थांबा... विमान दिसलं. वाळूवर आहे. दोघं दिसताहेत. एक आडवा, एक उभा."

"आडवा कोण? एर्लान, आडवा कोण?"

रेडिओ नुसताच खरखरत राहिला.

"उभा आहे तो माझ्यावर मुठी नाचवतोय, उशीर केला म्हणून. म्हणजे तुमचाच! आडवा सहवैमानिक आहे, मांडी फाटलीय, पण मान उचलून बघतोय. रक्त थांबवायला रोहेरने पट्टा आवळलाय. दहापर्यंत थांबलो असतो तर पोरगा गेला असता. उतरतो मी."

नेल्वा खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिने तक्ता मागितला, चार खोडून अडीच लिहिलं आणि खाली सही केली. रोहेर जिवंत घरी येणार होता, आणि परवाना गेल्यामुळे पुन्हा कधी उडणार नव्हता. हे त्याला तिनेच सांगायचं होतं.