दोनशे तेवीसचा सुळका

सर्पगंधेच्या मुळात एक रेणू असतो. रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर त्याची खूण सहाशे नऊला उमटते.

सातपुड्यातल्या बाया केसांना मोहाच्या बियांचं तेल लावतात.

सुईच्या नळीत बुडबुडा अडकला की फवारा थुंकल्यासारखा येतो.

"हिच्या डोक्यातल्या तेलानं मशीन बाटलं."

यातलं शेवटचं वाक्य हितेंद्रचं, धुळ्याच्या याच प्रयोगशाळेत. तेव्हा तो मुख्य, सातपुड्यातली ज्योत्स्ना हाताखाली. जुन्या मशीनमध्ये मळ दिसायला लागला, तर यानं मालकांसमोर तिच्या वेणीकडे बोट केलं. काचेची भांडी साबणानं धुवायला यानंच लावली होती, मळ त्या साबणाचा होता. तिला तोंड उघडू दिलं नाही. नोकरी गेली ती गेलीच.

आज ती जळगावहून आली ती मशीन बनवणाऱ्या कंपनीची इंजिनीअर होऊन. एरंडोल मागे पडलं तरी डोक्यात एकच: त्याला त्याच जागी, त्याच माणसांपुढे उभं करायचं. वेणी तिनं मुद्दाम घट्ट घातली होती.

नवं मशीन स्वभावानं मवाळ. रेणू फोडत नाही. द्रावण बारीक सुईतून हजारो व्होल्टवर फवारायचं. थेंब गरम नायट्रोजनमध्ये सुकत जातात आणि रेणू अख्खाच्या अख्खा आत शिरतो. पण नाक असं तिखट, की आसपासचं काहीही हुंगतं.

"नारळ फोडाशिवाय चालू करानं नही," मालक चुडामण नाना म्हणाले.

सुई बसवायची म्हणून मशीनच्या तोंडावरचं झाकण काढलेलं होतं. हितेंद्रनं अगरबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि थेट त्या तोंडासमोर ओवाळला. निळा धूर आत ओढल्यासारखा गेला. ज्योत्स्नानं हात जोडले.

मग तिनं सर्पगंधेचं द्रावण सोडलं. पडद्यावर सहाशे नऊ गवताच्या काडीएवढं. दोनशे तेवीसला मात्र सुळका, पार छताला टेकलेला.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"अगरबत्तीत वास टिकवायला रसायन घालतात, ते आहे हे. धूर आत बसलाय. आता सगळं खोलून धुवावं लागेल, आणि हे वॉरंटीत बसत नाही."

नाना वळले. "काय करी ठेवं रे हितेंद्र? इतला शिकेल माणूस तू!"

"नाना, मी यांना..."

"चूप बस!"

सगळा स्टाफ बघत होता. कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्योत्स्ना अगदी सावकाश म्हणाली, "सर, मशीनपासून जरा लांब उभे राहा. हाताला अजून वास आहे तुमच्या."

हितेंद्र दोन पावलं मागे सरला. तिच्या छातीत गार गार वाटलं.

पूजेआधी त्यानं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, धूर चालेल ना?" ती म्हणाली होती, "चालेल."