सुखीबाईची लदेणी

सुखीबाईने आधी थैल्या गाडीत चढवल्या आणि मग स्वतःला. दाराचा दांडा धरून ती वर येईपर्यंत कंडक्टर साधना घंटीची दोरी हातात धरून थांबली होती.

"झालं का आजी? का अजून कोनाचं बिऱ्हाड राह्यलं खाली?"

"झालं व माय. हाण आता."

महागावचा स्टँड मागे पडला. साधनाने मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना लाल गाडी फुकट. सुखीबाईचं खरं वय तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. पण आधार कार्डाला ठाऊक होतं आणि सरकारला तेवढं पुरत होतं.

हे सगळं सुरू झालं तेलापासून. गोडं तेल असं काही भडकलं की तांड्यातला दुकानदार श्रावण भाव सांगताना गिऱ्हाइकाकडे बघायचंच सोडून बसला. महागावला चार पैसे स्वस्त मिळे, पण जाण्यायेण्यातच ते चार पैसे उडत. पेट्रोल परवडेना म्हणून सुखीबाईच्या मुलाने, खेमसिंगने, मोटारसायकल गोठ्यात उभी करून ठेवली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. मग एके दिवशी सुनेच्या, लालीबाईच्या, डोक्यात प्रकाश पडला. याडीला, म्हणजे घरच्या आईला, तर तिकीटच नाही! आधी घरची थैली गेली, मग शेजारची, मग बघता बघता अर्ध्या तांड्याच्या थैल्या सुखीबाईच्या खांद्यावर आल्या. प्रत्येक थैलीत एक रिकामी बाटली आणि अर्धा किलो तेलाचे पैसे. श्रावणच्या बायकोचीही थैली असे, हे श्रावण सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तांड्यात याला नाव पडलं, सुखीबाईची लदेणी. तिच्या आजोबाचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरे, ती खरी लदेणी. आगगाडी आली, सडका झाल्या आणि बैल शेतीच्या कामाला लागले. शब्द तेवढा म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला होता. आता तो थट्टेत का होईना पुन्हा बाहेर आला, आणि सुखीबाईला ती थट्टा मनापासून आवडली. दोन वर्षं ती ओसरीतल्या बाजेवर पडून होती. चहा आला तर आला. आता लालीबाई तिला सकाळी आधी जेवू घालायची आणि निघताना पदर नीट करून द्यायची. माणूस कामाचं झालं की त्याला भूकही चांगली लागते.

फुलसावंगी मागे टाकल्यावर गाडीत दोघीच उरल्या. साधना तिच्या शेजारी येऊन बसली.

"आजी, एक गोष्ट सांगतो. तुमच्या तांड्याची फेरी बंद होऊन राह्यली."

"काहून? माणसं तं बसतेत गाडीत."

"माणसं बसतेत, पैसा बसत नाही. म्हाताऱ्याईचं शून्य, बायाईचं अर्धं. अन् गडीमाणसं येतच नाहीत. आगारात पाह्यतेत तं गल्ला खाली."

"फुकट तं सरकारनंच केलं ना?"

"हो. सरकार भरते म्हंतेत त्याचे पैसे. कवा भरते ते आगारालेच माहीत." साधनाने मशीन मांडीवर उपडं ठेवलं. "सोमवारी सायेब येनार हाये गाडीत. जातानी बी अन् येतानी बी. मानसं पाहून ठरवनार हाये म्हने."

सुखीबाई भ्यायली. गाडी गेली की थैल्या जाणार, आणि थैल्या गेल्या की पुन्हा ती ओसरी, ती बाज. घरापर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही.

रविवारी संध्याकाळी तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, सेवादास याच्या अंगणात तांडा बसला. सोमवारी प्रत्येक घरातून एक माणूस गाडीत बसेल आणि पूर्ण तिकीट काढेल, असं सेवादासने सुचवलं. माना हलल्या. लालीबाई मात्र उभी राहिली.

"तेल महाग होते ते सरकारच्या राज्यात. तिकीट अर्धं केलं तेही सरकारनं, अन् आता गाडी बंद करते तेही सरकारच. एकच सरकार हाये का तीन?"

"एकच हाये," सेवादास म्हणाला. "पन ते तीन हापिसात बसते."

लोक हसले. हसण्यावारी गेलं म्हणून उत्तराची कुणी वाट पाहिली नाही. खेमसिंगने तर सगळ्यांच्या आधी हात वर केला. "मी येतो. आपल्या गाडीसाठी एक दिवस नाही देनार का?" टाळी वाजली. उठताना बायकांनी आपापल्या थैल्या नेहमीसारख्या सुखीबाईकडे देऊन टाकल्या.

सोमवारी गाडी आली तेव्हा थांब्यावर सुखीबाई एकटी होती.

कुणाच्या मनात खोट नव्हती. कापूस फुटला होता, वेचणीला माणूस मिळत नव्हतं, आणि दिवसाची मजुरी बुडवून वर आपल्याच खिशातून तिकीट काढायचं ही गोष्ट रात्री जेवढी सोपी वाटली तेवढी सकाळी वाटली नाही. प्रत्येकाने विचार केला, बाकीचे जातीलच, आपण एक नसलो तर काय बिघडतं. खेमसिंगही उजाडताच वेचणीला गेला होता. खुद्द सेवादास पुसदला डोळे दाखवायला निघाला होता. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून तो थांब्यावरून गेला आणि जाताना त्याने सुखीबाईला हात केला.

गाडीत पुढच्या बाकावर साहेब बसले होते. तरुण होते, झोप न झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी खिडकीतून थांबा पाहिला आणि साधनाकडे पाहिलं. साधना पायाशी बघत राहिली.

सुखीबाई थैल्या घेऊन चढली. रोज ती त्या पायाशी ठेवी. आज तिने एक थैली एका सीटवर ठेवली. दुसरी तिच्या शेजारी, तिसरी पलीकडच्या बाकावर. अशा सगळ्या थैल्या बसवून झाल्या तेव्हा तिने सगळ्यांचे तेलाचे पैसे ठेवलेला कमरेचा बटवा सोडला.

"या समद्यायचे तिकिटं दे. पूर्ण. जायाचे अन् यायाचे."

"आजी, थैल्याईचं तिकीट नसते. माणसाचं असते."

"माणसंच हायेत," सुखीबाई म्हणाली. "हा खेमसिंग. हा श्रावण, म्हंजे त्याची बायको. हा सेवादास. समदे कामाले गेले, म्हनून थैल्या पाठोल्या."

साधनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब बाहेर पाहत होते, पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं. मग मशीन खरखरलं आणि बराच वेळ खरखरत राहिलं.

"अन् तुमचं, आजी?"

"माहं फुकटच. मी सरकारची हाये."

सुखीबाईने जाण्यायेण्याची दोन-दोन तिकिटं ज्याच्या त्याच्या थैलीत घातली. फुलसावंगीला गाडी भरली. एका माणसाने बसायला जागा करावी म्हणून थैली उचलली.

"राहू द्या दादा," सुखीबाई म्हणाली. "तिकीट काढलं तिचं."

माणूस हसायला लागला. मग त्याने म्हातारीचा चेहरा पाहिला आणि थैली होती तिथे ठेवली. साहेब आपल्या जागेवरून उठले, त्याला तिथे बसवलं आणि महागावपर्यंत दांडा धरून उभे राहिले. तिच्याशी ते फक्त एकदाच बोलले, उतरताना.

"आजी, बाजारात काय घेणार आज?"

"काही नाही. आज नुसतं फिराले आलो आमी."

संध्याकाळी ती तांड्यावर उतरली. नेहमीसारखी घरोघर गेली, ज्याची त्याची थैली दारात ठेवली आणि पुढे निघाली. मागे एकेक थैली उघडली जात होती. कुणीतरी तिला हाक मारली, पण ती थांबली नाही. घरी आली तेव्हा लालीबाई चुलीजवळ होती. कढई तापत ठेवलेली होती, कांदा चिरून झाला होता. तिने थैलीत हात घातला, कोरडी बाटली बाहेर काढली आणि तिच्यामागून दोन तिकिटं.

"याडी, तेल कुठं हाये?"

"गाडीले टाकलं."

लालीबाईने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. तिला वाचता येत होतं. मग तिने कढई खाली उतरवली आणि डाळ तशीच नुसती शिजत ठेवली. त्या संध्याकाळी तांड्यात ज्यांच्या थैल्या गेल्या होत्या त्यातल्या एकाही घरातून फोडणीचा आवाज आला नाही. भांडायलाही कुणी आलं नाही. सुखीबाई वाट पाहत होती, तिने उत्तरंही तयार ठेवली होती.

खेमसिंग वेचणीवरून उशिरा आला. बायकोने त्याला ताट वाढलं आणि ताटाशेजारी तिकिटं ठेवली. त्याने ती पाहिली. तो खाली मान घालून बिनतेलाची डाळ जेवला. हात धुऊन झाल्यावर तो आईच्या बाजेपाशी आला.

"याडी," तो म्हणाला, "सकाळची गाडी किती वाजता राह्यते?"