नळीवरचा नारळ

तलावाच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. गगनबावड्याकडून वारं सुटलं होतं आणि काठाच्या पाण्यात उभ्या केलेल्या लोखंडी नळ्यांपुढं सगळा गाव हात जोडून बसला होता. बारक्या नळ्यांची तोंडं भगव्या फडक्यांनी बांधलेली. एकाच जाड नळीच्या तोंडाभोवती ओली विड्याची पानं आणि त्यावर नारळ, कलशावर असतो तसा.

बुडालेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या पाणबाबानं नारळ उचलला. नळीतून हुंदका आला, खोल, पुरुषी. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"लागलं! वरचं नेटवर्क लागलं! सयाजी आलाऽ!" बाबा ओरडला आणि त्यानं नारळ परत नळीवर ठेवला.

तानाबाईचा लेक सयाजी गेल्या पावसाळ्यात इथंच म्हशी धुताना बुडाला होता. त्याच्या बायकोला, संयोगिताला, कोल्हापुरात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"इचारा बाबा, सुनेला जाऊ द्यू का?" तानाबाईनं सुनेचं मनगट घट्ट धरलं होतं.

नारळ उचलला. हुंदका.

"न्हाय म्हणतोय! हिनं उंबरा ओलांडला तर त्येला गती न्हाय!"

लेक गेला, आता सूनही जाणार, या भीतीनं बाई अर्धी झाली होती. तिला जे ऐकायचं होतं, तेच बाबा ऐकवत होता.

या नळ्या म्हणजे कोल्हापूरच्या एका शिल्पकारानं बसवलेलं वाजणारं शिल्प. खालचं तोंड पाण्यात. लाट आत शिरली की हवा वरच्या अरुंद तोंडातून बाहेर पडते आणि नळी वाजते. उद्घाटनाला मी हे सांगितलं होतं. पण सयाजी गेला, बाबा आला आणि गाव ते विसरला. नारळ ठेवला की आवाज बंद, हे रोज सगळ्यांसमोर घडत होतं. पण कलशावरचा नारळ हलवायचा विचार आमच्याकडं कुणाच्या मनात येतो?

संयोगिता उठली. "ह्यांनी मला हितं आणलं हुतं. नळीवर तळहात ठेवायचे, आवाज बंद. काढायचे, सुरू. मला हसवायला."

"रांडाव बाईनं शिवायचं न्हाय!" बाबा नारळ परत नळीवर ठेवून आडवा आला.

"मग नारळ तिथंच ठेवून बोलवा की सयाजीला," मी म्हणालो.

बाबानं डोळे फिरवले, मंत्र पुटपुटला. नळी गप्प.

संयोगितानं नारळ उचलला. "आवं, गूळ गोड हाय का?" हुंदका. "आज बाबा जेवलाय का?" पुन्हा तोच, बाबाच्या 'न्हाय'चा हुंदका. मागं कुणीतरी खुदकन हसलं. बाबा गर्दीतून वाट काढू लागला.

"आत्या, आता तुमी उचला."

तानाबाईनं सुनेच्या हातातला नारळ नळीवर ठेवला, उचलला, परत ठेवला, परत उचलला.

"मग माझा सयाजी कुठं हाय गं?"

"न्हाय, आत्या. आता कुठंच न्हाय."

बाई तिथंच बसून रडली. मग डोळे पुसून तिनं सुनेला पदर पसरायला लावला आणि तोच नारळ ओटीत घातला. आमच्या गावात विधवेची ओटी कुणी भरत नाही. बायका बघतच राहिल्या.

"सोमवारी जायाचं न्हवं? मग जा."

मंडळी, लाट आली की नळी आजही रडते. ऐकताना गलबलून येतं, येऊ द्या. पण गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी जिवंत माणसाला अडवू लागला, तर हात जोडण्याआधी नारळ उचलून बघा.